माहेरहून सासरी, पाण्याच्या वाटेने

मैत्रिणींनो, माझं माहेर कराडचं आणि सासर सांगलीचं. एरवी मी एसटीनेच जाते-येते, पण गेल्या जानेवारीत माझा दादा आणि भाचा हीच वाट कृष्णेतून, चार माणसांच्या रबरी नावेत, वल्हवत आले. शेवटच्या टप्प्याला मीही त्यांच्या नावेत बसले!

हे सारं हौसेखातर नव्हतं हं. २०१९ च्या ऑगस्टातला महापूर आठवतोय ना? सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट; पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभागातल्या आमच्या माडीवरून सासूबाईंना आणि मला जवानांनी अशाच रबरी नावेत उतरवून घेतलं. आम्ही सुखरूप आलो. पण ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात, ब्रह्मनाळला, पुरातून माणसं काढणारी होडी उलटली. होडीत माणसं फार झाली होती. बायका गेल्या, लेकरं गेली. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. वर्गातली मुलं दाटीवाटीने बसली की मला अजून ती होडी आठवते.

म्हणून दादाने हा बेत केला. जितके किलोमीटर वल्हवू, त्या हिशेबाने नातेवाइकांनी नि ओळखीच्यांनी देणगी द्यायची, आणि त्यातून नदीकाठच्या एका शाळेसाठी मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं घ्यायची.

निघाले ते प्रीतिसंगमावरून. कृष्णा नि कोयना दोघी महाबळेश्वरच्या लेकी. कराडला समोरासमोर येऊन एकमेकींच्या गळ्यात पडतात. पुढे बह्याला नदीतल्या बेटावर समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एकाचं दर्शन झालं. मग औदुंबरचा दत्तघाट. दोन्ही काठांना ऊस. बंधारा आला की नाव पाण्याबाहेर काढून, डोक्यावर घेऊन पलीकडे न्यायची. औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात मगरींचा वावर. तिथे काठाशी रेंगाळायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही आणि उजेड असेतोवरच वल्हवायचं.

पाचव्या दिवशी सकाळी डिग्रजजवळ मी बसले. बरोबर दशम्या नि शेंगदाण्याची चटणी. "तुला जमेल का?" असं ह्यांनी चारदा विचारलं. पहिल्या दहा मिनिटांत नाव गोल गोल फिरली. भाचा म्हणाला, "आत्या, कढी ढवळल्यासारखं नको, पाणी मागे ढकल!" मग जमलं. तळहाताला फोड आले, पण काठ मागे सरकू लागला. पुरात ज्या पाण्याकडे बघवत नव्हतं, त्याच्याच अंगावर आता मी बसले होते. नदी तीच, फक्त आता ती आपल्या पात्रात होती.

लांबून आयर्विन पूल दिसला तेव्हा गळा दाटून आला. १९२९ पासून हा पूल उभा आहे. आमच्याकडे पावसाळ्यात सकाळी आधी त्याची पातळी विचारतात, मग चहा. घाटाला नाव लागली. पायऱ्यांवर सासूबाई उभ्या. पुरानंतर त्या घाटावर पाऊल ठेवत नव्हत्या. त्यांनी आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मला म्हणाल्या, "आधी कृष्णामाईला हळदकुंकू वाहा, मग फोड दाखव." तळहात मी पदराखाली लपवला होता, तरी त्यांना दिसला!

जॅकेटं बावीस आली. शाळेत ती कपाटात कुलूपबंद न ठेवता खुंटीला टांगली आहेत. तुमचं गाव नदीकाठी असेल तर एवढं कराच: मे महिन्यात प्रत्येक मुलाला जॅकेट घालून पाहा, पट्टे ओढून पाहा. खांद्याला धरून वर उचललं तर जॅकेट कानापर्यंत येता कामा नये. आणि नाव चार जणांची असेल तर पाचव्याला "ये, बस" म्हणू नका. पाहुणचार घरात, नावेत नाही.