शेवटचे प्रूफ

चुका काढणाऱ्या माणसाला आपल्याकडे कोणी मानाच्या पाटावर बसवीत नाही. मठ्ठ्यात मीठ कमी आहे असे भर पंगतीत सांगणारा पाहुणा पुढच्या कार्याच्या यादीतून हळूच गळतो. वास्तुशांतीला जाऊन 'खिडकी भलत्याच बाजूला आली हो' असे म्हणणारा गृहस्थ खरे बोलत असला, तरी त्याच्या पानात लाडू एकच पडतो. मी तर पडलो मराठीचा प्राध्यापक. मला पगारच मुळी चुका काढण्याचा मिळतो. उत्तरपत्रिकेतल्या ऱ्हस्वदीर्घावर तांबडी रेघ ओढली म्हणून आजवर कोणी माझे आभार मानलेले नाहीत. त्यामुळे 'आमच्या कामातल्या चुका काढा हो!' असे चारचौघांत आर्जव करणारी माणसे जगात आहेत, हे कळले तेव्हा मला माहेर सापडल्यासारखे वाटले.

ही माणसे मला दाखवली माझ्या भाचीने. ती पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरी करते आणि नोकरीतून उरलेल्या वेळात, बिनपगारी, पुन्हा संगणकाचेच काम करते. वेगवेगळ्या गावच्या पाच-सहा जणांनी मिळून एक लायब्ररी चालवली आहे, असे ती म्हणाली. लायब्ररी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कपाटे, वाळवी आणि मुदत उलटलेल्या कादंबऱ्या उभ्या राहिल्या. पण ही लायब्ररी निराळी. प्रत्येकीने घरी गोडा मसाला कुटण्यापेक्षा एकीने तो नीट करून ठेवावा आणि साऱ्या आळीने आपापल्या आमटीत घालावा, तसा हा प्रकार आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याला वारंवार लागणारी कामे कोणीतरी एकदाच चांगली करून ठेवतो आणि बाकीचे ती वापरतात. शिवाय ही लायब्ररी मुक्तस्रोत, म्हणजे बरणीवर कृतीही लिहिलेली. ज्याला हवी त्याने ती वाचावी, सुधारावी, वाटावी. मात्र मसाल्यात खडा राहिला, तर तो एका घरच्या आमटीत जात नाही. आळीतल्या प्रत्येक घरी कोणाच्या तरी दाताखाली येतो.

म्हणून नवी आवृत्ती बाहेर काढण्यापूर्वी हे लोक तिचा एक 'रिलीज कँडिडेट' जाहीर करतात. कँडिडेट म्हणजे उमेदवार. पण निवडणुकीतल्या उमेदवारासारखा हा स्वतःचे गुण सांगत हिंडत नाही. 'माझ्यात काय खोट आहे ती आत्ताच सांगा,' एवढेच त्याचे म्हणणे. या टप्प्यावर नवे काही घालायचे नसते. मोठा दोष निघाला नाही, तर हीच प्रत जशीच्या तशी पक्की होते; निघाला, तर दुरुस्ती करून दुसरा उमेदवार उभा करायचा. लिनक्स या प्रसिद्ध प्रणालीच्या गाभ्याचे असे उमेदवार साधारण आठवड्याला एक या गतीने येतात आणि सातव्या-आठव्यानंतर पक्की आवृत्ती निघते. छापखान्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे चटकन उमगेल. गॅली झाल्या, पानांची प्रुफे झाली. आता हे शेवटचे प्रूफ. याच्यावर 'छापण्यास हरकत नाही' असे लिहून सही केली, की यंत्र सुरू होते आणि मग हरकत घेऊन उपयोग नसतो.

भाचीची लायब्ररी मराठी मजकूर साफसूफ करणारी आणि शब्द वर्णानुक्रमे लावणारी होती. मी म्हटले, "अगं, मला त्यातली एक ओळ समजायची नाही."

"म्हणूनच तू हवास, मामा," ती म्हणाली. "आम्ही सगळे आमच्या ओळी तपासतो. शब्द कोणी तपासत नाही."

तिने मला एक सोय करून दिली. वर मजकूर द्यायचा, खाली निकाल बघायचा. मी परीक्षकाच्या थाटात पहिला पेपर काढला तो 'ळ'चा. संगणकावरच्या अक्षरांचे क्रमांक ज्यात ठरवले आहेत, त्या युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल'च्या अगदी शेजारी बसतो. आपल्या वर्णमालेत तो 'ह'च्याही पुढे, पार शेवटाकडे. नुसत्या तक्त्याच्या क्रमाने गेले तर 'कमल, कमळ, कमवणे' अशी यादी लागते. मराठी क्रम 'कमल, कमवणे, कमळ' असा. उमेदवार येथे चुकला नाही. मग 'क्ष' आणि 'ज्ञ'. संगणकाच्या लेखी 'क्ष' म्हणजे 'क' अधिक 'ष'. त्यामुळे सांभाळले नाही तर क्षीरसागर मंडळी कुलकर्ण्यांच्या पाठोपाठ 'क'च्या रांगेत जाऊन बसतात. उमेदवाराने त्यांनाही योग्य जागी नेऊन बसवले. मला तर त्याचे कौतुक वाटू लागले.

मग मी सहज दोन शब्द दिले : 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास'. एकाला स्वयंपाकाची सुपारी द्यायची, दुसऱ्याला साष्टांग नमस्कार घालायचा. निकालात दोन्ही जागी आचार्यच अवतरले होते! घाईने 'दऱ्या' दिल्या, तर त्यांचा 'दर्या' झाला. सह्याद्रीच्या साऱ्या दऱ्यांत समुद्र शिरला.

कारण मागाहून कळले. 'ऱ्या'मधला तो आडवा, पापणीसारखा र संगणकावर दोन रीतींनी लिहितात. एक, 'ऱ' हे नुक्त्याचे अक्षर घेऊन. दुसरी रीत अशी की साधा र, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवायचे. हे चिन्ह दिसत नाही, जागा व्यापत नाही; पण ते आहे म्हणून आचारी आचारी राहतो. नव्या आवृत्तीत साफसफाईचा एक भाग घातला होता. इकडून तिकडून चिकटवलेल्या मजकुरात अदृश्य चिन्हांचा कचरा येतो आणि त्यामुळे शोधलेला शब्द सापडत नाही, म्हणून तो भाग सगळीच अदृश्य चिन्हे झाडून टाकीत होता. शोधापुरते हे ठीक. पण साठवायचा मजकूर एकदा या केरसुणीखालून गेला, की मूळचा आचार्य कोणता आणि बढती मिळालेला आचारी कोणता, हे नुसत्या अक्षरांवरून पुन्हा कधीच ओळखता येणार नाही. आणि जुनी मराठी पुस्तके संगणकावर आणणारी काही मंडळी याच आवृत्तीची वाट पाहत होती.

अडचण वेगळीच होती. तो भाग माझ्या भाचीने लिहिला होता. तिच्या जबाबदारीवर निघणारी ती पहिलीच आवृत्ती, आणि दोन दिवसांनी ती पक्की व्हायची होती. दोष सांगायचा तो घरात, कानात नव्हे. सगळ्यांना वाचता येईल अशा जागी लिहून. त्या रात्री ताईचा फोन आला. ती म्हणाली, "अरे, पोरगी सहा महिने जागते आहे. मामा म्हणून चार शब्द बरे बोल की!"

चार शब्द बरे बोलणे किती सोपे होते! काहीच न बोलणे त्याहून सोपे. उमेदवाराच्या बाबतीत मौन ही संमतीच धरतात. शंभर जणांनी प्रत घेतली आणि कोणी बोलले नाही, तर शंभरांनी तपासली असे मानले जाते. प्रत्यक्षात प्रत्येकाने उरलेल्या नव्व्याण्णवांवर भिस्त ठेवलेली असते.

भाचीनेच मला पूर्वी सांगितलेली एक हकिकत त्या वेळी आठवली. २०२४ च्या मार्चमध्ये आन्द्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याच्या लक्षात आले, की आपल्या संगणकात दुरून प्रवेश करताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! आपण तेवढ्यात जांभईसुद्धा पुरी करीत नाही. पण तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि 'एक्सझेड' नावाच्या मुक्तस्रोत लायब्ररीत कोणीतरी मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा त्याला सापडला. दोन-अडीच वर्षे इमानदारीने काम करून विश्वास मिळवलेल्या हाताने तो ठेवला होता. ती लायब्ररी तोवर डेबियनसारख्या प्रणालींच्या चाचणीच्या आवृत्त्यांत शिरली होती; पक्क्या आवृत्तीत जायची होती. शेवटचे प्रूफ कोणीतरी खरोखर वाचले, म्हणून जगभरचे असंख्य संगणक वाचले. माझ्या आचाऱ्याची गोष्ट एवढी मोठी नव्हे. पण अर्धा सेकंद तरी कुठे मोठा होता?

मी लिहिले. असे लिहिण्याची या लोकांची रीत मला फार आवडली. काय दिले, काय यायला हवे होते, काय आले. बस्स, तीन ओळी. विशेषण एकही नाही. आमच्या साहित्यातली परीक्षणे अशी लिहायची ठरवली, तर निम्मी मासिके कोरी निघतील आणि निम्मी भांडणे मिटतील. दोष दाखवणे हा येथे अपमान नसतोच. अक्षरजुळणीची 'टेक' ही प्रणाली निर्माण करणारे डोनाल्ड क्नुथ हे आपल्या पुस्तकातली चूक प्रथम दाखवणाऱ्याला दोन डॉलर छप्पन्न सेंट २००८ पर्यंत धनादेशाने देत असत. आणि ते धनादेश न वटवता भिंतीवर चौकटीत लावणारे लोक आहेत.

दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने विचारले, "हा एवढासा र पुढच्या आवृत्तीत नाही का चालणार?" उत्तर भाचीनेच दिले. ते एका शब्दाचे होते : "थांबू." आठ दिवसांनी दुसरा उमेदवार उभा राहिला. तिचा फोन आला. कौतुकाची अपेक्षा नव्हती, रुसवा नव्हता. ती एवढेच म्हणाली, "मामा, आणखी काही आहे का?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत इतका सुंदर प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी पुन्हा 'ळ'पासून सुरुवात केली. कारण एक चूक दुरुस्त करताना दुसरी हळूच आत येते, हे प्रुफे तपासणाऱ्याला सांगावे लागत नाही. या खेपेला आचारी चुलीपाशी होता, आचार्य आसनावर होते आणि दऱ्या कोरड्या होत्या. मी लिहिले, 'माझ्याकडून हरकत नाही.'

आवृत्ती बाहेर पडली. माझे ते दोन शब्द तिच्या चाचण्यांत कायमचे घातले आहेत, असे भाची सांगते. यापुढे कोणीही, कुठल्याही देशातून, त्या लायब्ररीची एक ओळ जरी बदलली, तरी आधी 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' यांना सामोरे जावे लागेल. दोघे निराळे राहिले, तरच बदल आत येणार. माझ्या नावावर ग्रंथ नाही आणि आता होईल असेही वाटत नाही. पण माझे दोन शब्द रात्रंदिवस पहाऱ्यावर उभे आहेत. प्राध्यापकाला याहून मोठे प्रकाशन कोणते हवे?