पडद्यावरची मुंबई ऐकताना

मुंबईत माणसं एकमेकांना आधी ऐकतात, बघतात नंतर. चाळीत शेजारच्या खोलीतला खोकला कुणाचा, जिन्यावर वाजणारी चप्पल कुणाची, हे न बघता कळतं. मी चित्रपटांसाठी साउंड डिझाइन करते. त्यामुळे शहरावरचा चित्रपट बघताना माझा पहिला प्रश्न असतो, की यातल्या माणसांचे आवाज एकमेकांपर्यंत पोचतात का?

राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ (१९७०) आणि त्यावरूनच बासू चटर्जींनी केलेला ‘पिया का घर’ (१९७२) या दृष्टीने मला मोलाचे वाटतात. नवं लग्न झालेलं जोडपं आणि माणसांनी भरलेलं बिऱ्हाड. एकांत मिळत नाही, एवढीच गोष्ट. पण ती मुळात आवाजाची गोष्ट आहे. दोघांना कुजबुजायलाही जागा नाही, कारण घरातला प्रत्येक कान जागा आहे. त्याच कानांमुळे अडीअडचणीला शेजारी धावूनही येतात. पाळत आणि माया एकाच पातळ भिंतीतून येते, हे त्या चित्रपटांना नेमकं उमगलं होतं.

गंमत अशी, की तेव्हा लोकेशनवरचा खरा आवाज पडद्यापर्यंत क्वचितच पोचायचा. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा ॲरिफ्लेक्स २सी हा कॅमेरा हलका होता, रस्त्यावर नेता यायचा. पण चालू झाला की त्याची घरघर माइकमध्ये शिरायची. म्हणून संवाद मागाहून स्टुडिओत डब होत आणि हॉर्न, गर्दी, लोकल नंतर चढवल्या जात. ‘छोटी सी बात’मध्ये बसस्टॉपवर अमोल पालेकर आणि विद्या सिन्हा बोलू लागले, की सगळा रस्ता अदबीने मागे सरतो. प्रेमात पडलेल्या माणसाला शहर तसंच ऐकू येतं, त्यामुळे मला तो आवाज खोटा वाटत नाही.

रितेश बत्रा यांचा ‘द लंचबॉक्स’ (२०१३) मात्र मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा ऐकवते. नायिका इलाच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या देशपांडे आंटी आपल्याला एकदाही दिसत नाहीत. असतो तो फक्त भारती आचरेकरांचा आवाज, खिडकीबाहेरून आणि वरून येणारा. एक टोपली खाली येते, वर जाते. त्या आवाजात स्वयंपाकाचा सल्ला आहे, दटावणी आहे, आणि कोमात पडलेल्या, पंख्याकडे बघत राहणाऱ्या नवऱ्याची वर्षानुवर्षांची सेवाही आहे. एवढी पूर्ण व्यक्तिरेखा चेहऱ्याविना उभी राहते आणि आपल्याला काही कमी पडल्यासारखं वाटत नाही. आता दुसरं घर बघा. इलाचा डबा चुकून ज्याच्याकडे जातो तो साजन फर्नांडिस रात्री सिगरेट ओढत समोरच्या खिडकीतलं जेवायला बसलेलं कुटुंब पाहतो. त्याला ते दिसतं, पण त्याला त्यात जागा नाही. तिथली मुलगी खिडकी लावून टाकते. इलाला न दिसणारी आंटी जवळची आहे आणि साजनला समोर दिसणारी माणसं दूरची. मग इला आंटींना ‘साजन’ चित्रपटातलं गाणं लावायला सांगते आणि पुढच्याच दृश्यात लोकलमध्ये मुलं तेच गाणं म्हणताना साजन ऐकतो. कधीही न भेटलेली दोन माणसं एका सुरात आणून ठेवायला संवादाचा एक शब्दही लागलेला नाही. आमच्या कामात याहून मोठी शाबासकी नाही.

लोकलचं निघालंच आहे तर एक सांगते. मुंबईच्या लोकल पूर्वी १५०० व्होल्ट डीसीवर चालायच्या. टप्प्याटप्प्याने सगळ्या मार्गांवर २५ हजार व्होल्ट एसी आला आणि २०१६ मध्ये हार्बर लाइनवरची शेवटची डीसी गाडीही गेली. जुन्या मोटरचा, गाडी सुटताना चढत जाणारा तो हुंकार आता फक्त ध्वनिमुद्रणांत उरला आहे. ऐंशीच्या दशकातल्या कथेला आजची लोकल लावली, की ज्यांनी त्या गाडीत आयुष्य काढलं त्यांना ते खटकतं. त्यांच्यासाठी एवढी काळजी घेतलीच पाहिजे.

पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालं. त्याची सुरुवातच रात्रीच्या शहरावर ऐकू येणाऱ्या, इथे पोटासाठी आलेल्या माणसांच्या आवाजांनी होते. वेगवेगळ्या भाषा, चेहरे नाहीत. इथे नर्स असलेल्या प्रभाच्या जर्मनीतल्या नवऱ्याचा फोन येणं थांबलंय. येतो तो एक राइस कुकर. तिची सहकारी अनु आणि अनुचा प्रियकर शियाझ यांना एकत्र यायला जागा मिळत नाही, म्हणजे ‘मुंबईचा जावई’ला पन्नासहून अधिक वर्षं झाली तरी या शहराने प्रेमिकांना खोली दिलेली नाही. आणि छाया कदम यांची पार्वती. इतकी वर्षं राहिलेल्या घराचा कागद तिच्याकडे नाही, बिल्डर दारात आहे, शेवटी ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते.

पार्वतीच्या चाळीच्या जागी जे उभं राहील, त्यावरचा चित्रपट मला करायचा आहे. पुनर्विकासातल्या घरांत मी ध्वनिमुद्रणासाठी जाते, तेव्हा खिडक्या सरकवून बंद केल्या की बाहेरचा रस्ता नाहीसा होतो. उरतात लिफ्ट आणि इंटरकॉम. तिथे राहायला गेलेल्या म्हाताऱ्यांना हवा-पाणी आवडतं, पण दिवसभर टीव्ही चालू ठेवावा लागतो. दिग्दर्शकांनी या घरांत पार्श्वसंगीत ओतण्याआधी एकदा गुपचूप बसून ऐकावं, आणि तिथली शांतता जशी आहे तशी माझ्या मायक्रोफोनला मिळू द्यावी.