ग्वाल्हेरचा चढ, तिघऱ्याचा काठ

आंबोली घाटात गिअरची सायकल दामटणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांना ग्वाल्हेर म्हणजे रखरखीत, सपाट मुलूख वाटतो. सिटी सेंटरच्या रुंद रस्त्यावर उभे राहिले तर तसे वाटेलही. पण तिथून थोड्याच अंतरावर किल्ल्याचा वालुकाश्माचा डोंगर सरळ उभा आहे.

सायकल वर न्यायची ती पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने. चढ फार लांब नाही, पण दम काढतो. बाजूच्या कड्यांत पंधराव्या शतकात, तोमर राजांच्या काळी कोरलेल्या जैन मूर्ती आहेत. आदिनाथांची तर ५७ फुटी! बाबराच्या हुकमाने त्यांतल्या कित्येकींचे चेहरे फोडले गेले. धाप लागल्याचे निमित्त करून इथे थांबावेच. पूर्वेची वाट पायी चढणाऱ्यांची. तिच्यावरच्या चतुर्भुज मंदिरात शून्य कोरलेला इ.स. ८७६ चा शिलालेख आहे. गणिताच्या शिक्षकांनी तरी तो चुकवू नये.

दुसरी वाट शहराबाहेर, साधारण वीस किलोमीटरवर, सांक नदीवरच्या तिघरा धरणाकडे जाते. शहराची तहान भागवणारे हे पाणी काठाने पाहताना शांत वाटते. पण १९१६ मध्ये झालेले हे धरण १९१७ च्या ऑगस्टात फुटले होते. पायाच्या वालुकाश्माच्या थरांत पाणी शिरले, त्याने भिंतीला खालून उचल दिली आणि ती सरकली. पुढे ते पुन्हा बांधले गेले.

जावे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. जानेवारीच्या सकाळी धुके दाट, तेव्हा सायकलला मागे लाल दिवा हवाच. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत आपली आंबोलीच बरी.