वणव्याच्या चित्रात आग किती असावी?

वणव्याचं चित्र काढायला बसलं की हात आधी केशरी रंगाकडे जातो. ज्वाळा रंगवायला सोप्या, आणि बघणाराही त्यांनाच भुलतो. फ्लॉरेन्सच्या पिएरो दि कोसिमोने १५०५च्या सुमारास हा मोह आवरला. त्याचं ‘द फॉरेस्ट फायर’ ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. दोन मीटर रुंद, पण उंचीला पाऊण मीटरही नाही अशी लाकडी फळी. आग मधोमध झाडीत, आणि पुढची जमीन सगळी जनावरांची. सिंह, अस्वलं, गाईबैल, हरणं, सगळी एकत्र. कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. वर जिवाच्या आकांताने उडालेली पाखरं.

आपल्याकडे महाभारतातही असाच वणवा आहे: खांडववन जळालं, त्यातून सहा जीव वाचले: अश्वसेन नाग, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं. पंखही न फुटलेली ही पिल्लं मला चित्रकार म्हणून अर्जुनाच्या बाणांहून मोलाची वाटतात. सह्याद्रीतल्या वणव्याची खरी गोष्ट त्यांच्यासारख्यांचीच आहे.

राजगडाच्या पाली दरवाजाला ज्या गावाचं नाव आहे, त्या पालीच्या बाजूने दिसणारा डोंगर मी सध्या रंगवतो आहे. आडवी चौकट पिएरोची. गडाच्या संजीवनी माचीची लांबच लांब सोंड तिच्यात नीट बसते. त्याची मोठी जनावरं मात्र मी घेतली नाहीत. इथला वणवा गवताचा. होळीच्या सुमारास कुसळीचं गवत खडखडीत वाळतं. नवं गवत जोमाने येईल म्हणून कुणी ते पेटवतं, कुणाची विडी पडते, कुणी चूल न विझवता निघून जातं. चढावर आग झपाट्याने वर सरकते, कारण वरचं गवत आधीच तापलेलं असतं. भर उन्हात ज्वाळा धड दिसतही नाहीत. दिसतो धूर, आणि उडणारे नाकतोडे टिपायला आलेले कोतवाल. म्हणून चित्रात केशरी रंग रात्रीच्या कोपऱ्यापुरताच ठेवला आहे.

बाकी सगळा कोळसा. जळलेल्या उतारावर गवताचे काळे बुडखे उरतात आणि त्यांच्यामध्ये पावसाळ्यात मेलेल्या गोगलगायींचे पांढरेफटक शंख उघडे पडतात. ते शंख मी रंगवत नाही, तिथे कागद कोरा सोडतो. उंदीर-साप बिळात शिरून बऱ्याचदा वाचतात, कारण वीतभर खाली माती फारशी तापत नाही. पण झुलत झुलत एकेक पाय टाकणारा घोयरा सरडा कुठे पळणार? टिटवीची अंडी तर उघड्या जमिनीवरच असतात. माझ्या चौकटीत पुढची जागा या दोघांची आहे.

पिएरोच्या चित्रात आग कुणी लावली ते कळत नाही. आपल्या डोंगरातली बहुतेक वेळा माणसानेच लावलेली असते, त्यामुळे ती टाळताही येते. फाल्गुन-चैत्रात गडावर जाल तेव्हा काडी पेटवू नका. डोंगरावर धूर दिसला, तर फोटो काढण्याआधी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.