जन्माचा गुन्हा

अलौकिक सामर्थ्याला कांहीं तरी कारण हवें, असा कथाकारांचा जुना दंडक आहे. आमच्या पुराणांत तें तपानें, वरानें किंवा शापानें येतें. अमेरिकेंतील चित्रकथांत तें बहुधा अपघातानें येई. १९६२ सालीं एका विद्यार्थ्याला किरणोत्सर्गी कोळी चावला आणि त्याचा 'स्पायडरमॅन' झाला. परंतु पुढच्याच वर्षीं स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनीं 'एक्स-मेन' ही मालिका काढली, आणि तींतील मुलांना ना वर लागला, ना अपघात. तीं जन्मतःच तशीं होतीं. नवनवे अपघात शोधण्याचा कंटाळा आल्यामुळें ही युक्ति सुचली, असें ली यांनीं पुढें मोकळेपणानें सांगितलें आहे. मालिकेला 'म्युटंट्स' हेंच नांव द्यावें असें त्यांच्या मनांत होतें. पण हा शब्द वाचकांना कळणार नाहीं, असें प्रकाशकांचें मत पडलें.

कंटाळ्यांतून निघालेल्या या कल्पनेची वंशावळ मात्र मोठी आहे. हॉलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्रीस यांनीं १९०१ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, नवी जात एकाएकी उत्पन्न होते असें प्रतिपादन करून त्या फेरास 'म्युटेशन' म्हटलें. त्यांच्या फुलझाडांचा उलगडा पुढें निराळाच झाला. शब्द मात्र टिकला. १९२७ सालीं हर्मन मुलर यांनीं क्ष-किरणांनीं फळमाश्यांत असे फेर घडवून दाखविले. त्याबद्दल त्यांना १९४६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पण आदल्याच वर्षीं हिरोशिमावर बाँब पडला होता, आणि माशीविषयींचें कुतूहल पाळण्याविषयींची भीति होऊन बसलें होतें.

कथाकार तर त्याही आधीं जागे झाले होते. व्हॅन व्होग्ट यांच्या १९४० सालच्या 'स्लॅन' कथेंत अशा जातीची शिकार होते. विल्मर शिरास या लेखिकेच्या १९४८ सालच्या गोष्टींतील मुलगा आपली असामान्य बुद्धि जगापासून लपवून ठेवतो. तो मुलगा आमच्या ओळखीचा आहे. उत्तर ठाऊक असून मान खालीं घालणारा विद्यार्थी पंचवीस वर्षांत आम्हांला वर्गावर्गांतून भेटला आहे. वेगळेपणाची किंमत त्याला आमच्या आधीं कळलेली असते.

जन्मावरून माणसाला बाहेर बसविण्याची विद्या आम्हांला अमेरिकेकडून शिकावयाची नव्हती. म्हणूनच ही उपमा आम्हांस थोडी लंगडी वाटते. चित्रकथेंतील मुलाच्या डोळ्यांतून खरोखरच संहारक किरण निघतात; त्याला भिणाऱ्या शेजाऱ्याला निदान निमित्त तरी आहे. गांवकुसाबाहेर ज्यांना आम्ही पिढ्यान् पिढ्या ठेविलें, त्यांच्या अंगीं असली कोणती आग होती? द्वेषाला निमित्तही लागत नाहीं, हें त्या कथांना सांगतां आलें नाहीं.

तथापि एक गोष्ट त्यांनीं साधली. वाचणाऱ्या पोराला त्यांनीं कुसाच्या बाहेरच्या बाजूस उभें केलें आणि तेथून गांव कसा दिसतो तें दाखविलें. बारा सेंटांच्या रंगीत चोपड्याकडून याहून अधिक मागणें आम्हांस रास्त वाटत नाहीं.