दीव म्हणजे दिवा, दीव म्हणजे बेट



गेल्या महिन्यात एपीएमसी मसाला मार्केटमधला आमचा गाळा रिकामा केला. मुलगा नोकरीत रमला, ह्यांचे गुडघे थकले. कागद लावताना मामंजींच्या मशीद बंदरच्या काळातली लवंगेची बिलं हाती आली. जहाजाचं भाडं पाहून बी.कॉम.ला पाठ केलेला शब्द आठवला, 'लाइट ड्यूज'.

दीपगृहांचा खर्च बंदरात येणाऱ्या जहाजांकडून वसूल करायचा, अशी तरतूद १९२७ च्या दीपगृह कायद्यात होती. जहाजवाला तो खर्च भाड्यात धरणारच. म्हणजे आपल्या डब्यातल्या परदेशी लवंगेतही त्या दिव्याचा कणभर वाटा!

मुंबईच्या खाडीच्या तोंडाशी असे दोन जुने दिवे आहेत. थळसमोरच्या खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये किल्ला बांधायला घेतला. तिथलं दीपगृह १८६७ चं. कुलाब्याच्या दक्षिणेला खडकावर उभं असलेलं प्राँग्ज दीपगृह १८७५ चं. प्रत्येक दीपगृहाची चमकण्याची रीत वेगळी, त्यावरून नावाडी जागा ओळखतो. दिवा सांभाळणाऱ्याला मात्र आपल्यामुळे कोण वाचलं, ते कळत नाही.

दिवाळीत आपण उत्तराध्ययन सूत्र ऐकतो. त्यात केशी-गौतम संवादात धर्माला 'दीव' म्हटलंय. म्हाताऱपण आणि मरणाच्या लोंढ्यात वाहणाऱ्यांना आधार देणारं बेट. पण प्राकृतात 'दीव' म्हणजे दिवाही. खांदेरीला दोन्ही एका जागी आहेत.

कागद आवरताना हे म्हणाले, "चाळीस वर्षं उलाढाल केली, मागे काय राहिलं?" मी रोजमेळ उघडला. दर महिन्याला 'शुभ खाते' म्हणून एक रक्कम काढलेली, प्रत्येक सौद्यातून थोडी थोडी. कुणाचं औषध, कुणाची फी. नाव कुठेच नाही. मलाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, धंदाच बंद झाला, आता ते खातंही बंद करा." हिशेबाने त्याचं बरोबर आहे. आता आमचं घर ठेवीच्या व्याजावर चालतं. दोन दिवस मी आकडे मांडत बसले. शेवटी किराण्याच्या वहीत पहिल्या ओळीवर 'शुभ खाते' लिहिलं, पाचशे रुपये. पूर्वीपेक्षा बरेच कमी.

ह्यांना वही दाखवली. काही बोलले नाहीत, चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "नाव लिहू नकोस हं कुणाचं."