विधी प्रवेश: यंदा की पुढच्या वर्षी?

महाराष्ट्रातल्या विधी महाविद्यालयांचे प्रवेश २०१६ पासून राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेवर, म्हणजे सीईटीवर, होतात. त्याआधी बारावीचे किंवा पदवीचे गुण पाहून जागा मिळत. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि पदवीनंतर तीन वर्षांचा, अशा दोन वाटा आहेत आणि दोन्हींची सीईटी स्वतंत्र होते. पात्रतेची किमान अट खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के, इतर मागास वर्गासाठी ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के आहे. निकालानंतर विद्यार्थी महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरतो आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांतून, म्हणजे ‘कॅप’मधून, जागा वाटली जाते. प्रश्न उभा राहतो तो इथे. मनातले महाविद्यालय मिळाले नाही, हाती दुसरेच आले. ते घ्यावे, की वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा द्यावी?

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात असलेल्या वणीसारख्या गावात या प्रश्नाचे रूप ठरलेले असते. गावात विधी महाविद्यालय नाही. जवळचा पर्याय नाशिक; अंतर चाळीसेक किलोमीटर, एसटीने रोज ये-जा करता येईल इतके. तिथे एन.बी.टी. विधी महाविद्यालय आणि मराठा विद्या प्रसारक समाजाचे विधी महाविद्यालय ही नावे घरोघरी ठाऊक आहेत. विद्यार्थ्याच्या पसंतीक्रमात मात्र वर असते ते पुण्याचे १९२४ मध्ये सुरू झालेले आयएलएस किंवा मुंबईचे १८५५ पासूनचे शासकीय विधी महाविद्यालय. तिथली जागा थोडक्या गुणांनी हुकली की ‘एक वर्ष थांबू’ हा विचार बळावतो.

थांबल्याने वय निघून जाईल ही भीती मात्र काढून टाकावी. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी २० आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ३० वर्षांची कमाल मर्यादा होती, मागास प्रवर्गांना त्यात सवलत होती. ही अट मागे घेतली गेली, पुन्हा आणली गेली आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. आज चाळिशीतला शिक्षक किंवा निवृत्त ग्रामसेवकही तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बसतो. एका वर्षाने विधी शिक्षणाचे दार बंद होत नाही.

याच्या उलट बाजूला एक गैरसमज आहे आणि तो जास्त महाग पडतो: ‘आत्ता इथे प्रवेश घेऊ, दुसऱ्या वर्षाला राष्ट्रीय विधी विद्यापीठात जाऊ.’ असे होत नाही. बार कौन्सिलच्या नियमांनुसार पाच वर्षांच्या संयुक्त अभ्यासक्रमात मधल्या वर्षी थेट शिरता येत नाही आणि मधूनच एक पदवी घेऊन बाहेरही पडता येत नाही. राष्ट्रीय विद्यापीठ हवे असेल तर क्लॅट, म्हणजे या विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा, देऊन पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. इथे केलेले वर्ष तिथे धरले जात नाही.

म्हणून थांबण्याच्या निर्णयात पहिला प्रश्न हा: थांबायचे ते नेमक्या कोणत्या परीक्षेसाठी? सीईटी आणि क्लॅट यांत मोठा फरक आहे. सीईटी मराठीतूनही देता येते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. क्लॅट इंग्रजीतूनच होते. दोन तासांत १२० प्रश्न, लांबलचक उतारे, आणि प्रत्येक चुकीला पाव गुण वजा. शिवाय अलीकडे ती डिसेंबरमध्ये होते, म्हणजे बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर. मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याला बारावीच्या वर्षी क्लॅटची तयारी करायला बहुधा सवडच मिळत नाही. अनेकांना ती परीक्षा झाल्यावरच तिचे नाव कळते. ज्याने क्लॅट कधी नीट दिलीच नाही आणि ज्याचे इंग्रजी वाचन वर्षभरात खरोखर वाढेल, त्याच्यासाठी थांबण्याला अर्थ आहे. २०१४ च्या कायद्यानुसार महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) इथे राष्ट्रीय विधी विद्यापीठे आली आणि त्यांत राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा आहेत. पण तिथला वर्षाचा खर्च लाखांत जातो, हे परीक्षेच्या आधी घरात बोलून घ्यावे, निकालानंतर नव्हे.

सीईटीचे गुण थोडे वाढवून नाशिकऐवजी पुणे मिळवण्यासाठी वर्ष घालवावे का? इथे उत्तर बहुतेकदा नकारार्थी आहे. सीईटीचा निकाल त्याच शैक्षणिक वर्षापुरता चालतो. पुढच्या वर्षी सगळे नव्याने सुरू होते आणि स्पर्धाही नवी असते. नाशिक आणि पुणे इथल्या संलग्न महाविद्यालयांना सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा एकच अभ्यासक्रम लागू आहे, पदवीही एकच. फरक आहे तो ग्रंथालयाचा, अभिरूप न्यायालयांच्या स्पर्धांचा आणि सोबत्यांचा. तो फरक खरा आहे, पण विद्यार्थ्याने रोज जिल्हा न्यायालयात बसून कामकाज ऐकले तर बराचसा भरून निघतो.

पैशाचे गणित बाजूला ठेवून हा निर्णय घेता येत नाही. शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. दिंडोरी तालुक्यात आदिवासी विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत; त्यांच्यासाठी शिष्यवृत्तीबरोबर वसतिगृहाऐवजी मिळणारी स्वयम् योजनेची रक्कमही आहे. शुल्कमाफीची मुख्य अट म्हणजे प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ती लागू नाही. त्यामुळे कॅपमधून मिळालेली साधी जागा सोडून नंतर व्यवस्थापन कोट्यातून नावाजलेली जागा घेणे हा सौदा घाट्याचा ठरू शकतो. शिष्यवृत्ती घेऊन अभ्यासक्रम अर्धवट सोडला तर पुढच्या लाभावर परिणाम होऊ शकतो, हेही आधी समाजकल्याण किंवा आदिवासी विकास कार्यालयात विचारून घ्यावे.

घरी थांबलेले वर्ष कसे जाते, हे वणीच्या शेतकरी कुटुंबात कोणीही सांगेल. ऑक्टोबरात द्राक्षांची छाटणी, मग थिनिंग, डिपिंग, औषधफवारणी, आणि साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत काढणी. क्लॅट डिसेंबरात, सीईटी मार्च ते मे यांच्या आसपास. म्हणजे अभ्यासाची खरी गरज आणि बागेत माणसांची खरी गरज एकाच वेळी येते. घरात रिकामा दिसणारा मुलगा बागेत ओढला जातो, आणि मुलीच्या बाबतीत तर थांबलेले वर्ष लग्नाच्या बोलण्यात जाण्याचा धोका असतो. हे उघडपणे मान्य करून मगच ठरवावे. थांबायचेच असेल तर नाशिकला राहून, अभ्यासिका लावून थांबावे.

बऱ्याच जणांसाठी मधला मार्ग अधिक चांगला आहे: मिळालेली जागा घ्यावी, वर्गात जावे आणि त्याच डिसेंबरात क्लॅट द्यावी. यश आले तर पुढच्या वर्षी पहिला प्रवेश रद्द करून जाता येते. नाही आले तर एक वर्ष पूर्ण झालेले असते. पहिल्या वर्षी विषयांचा भार पेलण्याजोगा असतो, पण बार कौन्सिलची ७० टक्के उपस्थितीची अट पाळावीच लागते.

पदवीधरांचा हिशेब वेगळा आहे. बी.ए., बी.कॉम. झालेल्याने वर्षभर थांबायचे तर बहुधा नोकरी करत थांबावे लागते, आणि नोकरी लागली की तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुढे पुढे ढकलला जातो. शेवटच्या वर्षाचा विषय राहिला असेल तर थांबण्याखेरीज इलाज नाही. तसे नसेल तर यंदाची जागा घ्यावी.

न्यायाधीश व्हायचे असेल त्याच्यासाठी वर्षाची किंमत आता वाढली आहे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षे वकिलीची अट पुन्हा लागू केली. ही वर्षे तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजली जातात. अठराव्या वर्षी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बसलेला तेविसाव्या वर्षी पदवी घेतो आणि सव्विसाव्या वर्षी परीक्षेला पात्र होतो. सुरुवात एक वर्ष उशिरा केली तर ही पात्रताही एक वर्ष पुढे जाते, आणि त्या तीन वर्षांत ज्युनियरला मिळणारे पैसे फार थोडे असतात.

आणि वकिली गावाजवळच करायची असेल तर महाविद्यालयाच्या नावाला तितके महत्त्व राहत नाही. दिंडोरीच्या न्यायालयात येणारी कामे वाटपाची, बांधाच्या हद्दीची, आदिवासी जमिनीच्या हस्तांतराची आणि द्राक्ष व्यापाऱ्यांनी दिलेल्या न वटलेल्या धनादेशांची. ती शिकायची तर चांगल्या सिनियरकडे लवकर बसणे अधिक उपयोगाचे, आणि नाशिकचा विद्यार्थी तिसऱ्या वर्षापासूनच ते करू शकतो.

थांबायचे ठरले तर मिळालेली जागा ठरलेल्या मुदतीच्या आत रद्द करावी. मुदत उलटली की शुल्क परत मिळणे अवघड होते. शाळा सोडल्याचा दाखला ताबडतोब परत घ्यावा, पुढच्या वर्षी लागणारे शिक्षणातल्या खंडाचे शपथपत्र, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र यांची कामे सीईटीच्या अर्जाबरोबरच सुरू करावीत. दरवर्षी काही जागा गुण कमी पडल्यामुळे नव्हे, तर यांतला एखादा कागद वेळेत न मिळाल्यामुळे हातच्या जातात.